हर्णैसमोर वारा पडला तेव्हा

शिडाच्या बोटीनं मुंबईहून गोव्याला जायचं तर अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, पण हिशेब मैलांचा नसतो, वाऱ्याचा असतो. थंडीच्या दिवसांत रात्री जमिनीकडून मतलई सुटते, ती सकाळी नऊ-दहापर्यंत साथ देते. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो आणि सूर्य बुडेपर्यंत बोटीला दक्षिणेकडे रेटतो. या दोघांच्या मधे दोन-तीन तास असे येतात की शीड डोलकाठीला लटकून राहतं, ऊन डोक्यावर येतं आणि किनारा जागचा हलत नाही. शिडाच्या बोटीत इंजिन असतं ते या वेळेसाठी आणि खाडीच्या मुखातून आत-बाहेर करण्यासाठी.

बोट तीस फुटी, मालक अलिबागचे. त्यांची उभी हयात मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेली. आम्ही त्यांना काका म्हणतो. सोबत मालवणचा एक तरुण खलाशी. माझ्याकडे दोर ओढणं आणि चहा. पहिल्या दिवशी खांदेरीचा दीपस्तंभ, कोर्लईचा डोंगर, मुरूड असं सगळं डाव्या हाताला ठेवत राजपुरीच्या खाडीत नांगर टाकला. जंजिऱ्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. मध्यरात्र उलटल्यावर काकांनी उठवलं. मतलई झोपेत घालवणं त्यांना पटत नाही.

सुवर्णदुर्ग दिसू लागला आणि वारा पडला. काकांनी इंजिन सुरू केलं. बोट हर्णैच्या समोर आली असेल-नसेल, तोच आवाज बदलला. एरवी एक्झॉस्टचा आवाज ओला असतो. धुराबरोबर पाणीही बाहेर पडत असतं. तो अचानक कोरडा, पोकळ झाला. पिछाडीला बसलेला खलाशी ओरडला, "काका, मागसून पाणी येणा नाय!" काकांनी त्याच क्षणी इंजिन बंद केलं.

मी तापमानाचा काटा बघितला. तो जागच्या जागी होता. "काट्याची वाट बघितली असती तर एक्झॉस्टचा रबरी पाइप जळाला असता," काका म्हणाले. "कान आधी सांगतात. काटा सगळ्यात शेवटी."

मग इंजिन झाकणारा जिना काढून ठेवून आम्ही इंजिनासमोर उकिडवे बसलो. खरं तर इथे दोन पाणी असतात. इंजिनाच्या पोटात फिरतं ते गोडं, कूलंट घातलेलं. काटा त्याचं तापमान सांगतो, म्हणून त्याला बातमी उशिरा कळते. त्या पाण्याची उष्णता काढून घ्यायला समुद्राचं पाणी लागतं. ते बोटीच्या तळाच्या व्हॉल्व्हमधून येतं, गाळणीतून पंपात जातं, पंप त्याला हीट एक्स्चेंजरमधल्या बारीक नळ्यांतून ढकलतो आणि शेवटी ते धुरात मिसळून, त्याला थंड करत मागून बाहेर पडतं. काकांची पद्धत एकच: पाणी ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं आपणही जायचं, मधली पायरी गाळायची नाही.

खलाशी एव्हाना सदरा काढून बुडी मारायच्या तयारीत होता. पाण्यात जेलीफिश दिसत होते, आणि तळाच्या छिद्राला जेलीफिश किंवा प्लास्टिकची पिशवी चिकटणं ही या किनाऱ्यावर रोजची गोष्ट. काकांनी त्याला थांबवलं. व्हॉल्व्ह बंद करून गाळणीकडचा पाइप सोडवला आणि व्हॉल्व्ह पुन्हा किंचित उघडला. पाणी जोरात उसळून माझ्या मांडीवर आलं. म्हणजे बुडीची गरज नव्हती. गाळणीत थोडं शेवाळ, बाकी स्वच्छ. झाकणाची रबरी रिंगही शाबूत. ती चिरली असती तर पंपानं पाण्याऐवजी हवा ओढली असती. पंपाचा पट्टा ताठ. पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असतं, आतलं सील गेलं की तिथून थेंब गळतात, तेही कोरडं. आता पंपच उघडायचा राहिला.

झाकणाचे स्क्रू पितळेचे, इवलेसे, आणि खाली बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेल्या, काळ्या पाण्यात पडायला टपलेले. खलाशानं तळाशी जुना टॉवेल अंथरला. झाकण निघालं आणि काकांनी पकडीनं इंपेलर ओढून काढला. रबराची सहा पाती असलेलं ते चक्र. पंपाच्या घराची एक बाजू मुद्दाम फुगवलेली असते. पातं तिथे आलं की वाकतं आणि पाणी पुढे लोटलं जातं, तिथून सुटलं की सरळ होतं आणि मागचं पाणी ओढून घेतं. एवढीच करामत. पण त्याला वंगण पाण्याचंच. कोरडं फिरलं तर मिनिटाभरातही वाट लागू शकते. आमच्या इंपेलरची तीन पाती मुळापासून गेली होती आणि उरलेल्यांना भेगा पडल्या होत्या. बोट पावसाळाभर ज्यांच्या ताब्यात होती त्यांनी इंपेलर आतच ठेवला होता. चार महिने एकाच जागी वाकून राहिलेलं रबर तसंच आखडतं आणि हंगाम सुरू झाला की तुटतं.

जोडीचा नवा इंपेलर पेटीत होता. काकांनी तो लगेच बसवला नाही. "आधी तुकडे शोधा." बाहेर जाणाऱ्या पाइपच्या वळणात दोन सापडले. फुटलेली बांगडी जुळवावी तसे ते त्यांनी इंपेलरला लावून पाहिले. तिसरा नव्हता. "तो पुढे गेलाय. बघू रात्री."

समुद्र अजून निपचित होता. काम काकांच्या हातात, म्हणून मी वर येऊन सुवर्णदुर्गाकडे बघत बसलो. 1755 साली ईस्ट इंडिया कंपनीचा कमोडोर विल्यम जेम्स हा किल्ला घ्यायला आला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची गलबतं इथूनच दक्षिणेकडे निसटली. इतिहासकार रॉबर्ट ऑर्मनं लिहून ठेवलंय की वाऱ्याची प्रत्येक झुळूक पकडण्यासाठी खलाशांनी अंगावरचे कपडे, डोक्यावरची पागोटीसुद्धा टांगली होती. घरी वाचताना मला ही गंमत वाटली होती. तिथे, अर्धा मैलही न सरकलेल्या बोटीवर, ती अगदी व्यवहाराची बाब वाटली.

खाली वेगळंच नाट्य चाललं होतं. झाकणाखालचं कागदी गास्केट उचकटताना फाटलं आणि दुसरं नव्हतं. सामानात कुणाची तरी लग्नपत्रिका निघाली. काकांनी तिच्या जाड कागदातून सुबक गास्केट कापलं, नव्या पात्यांना भांडी घासायच्या साबणाचं पाणी चोपडून इंपेलर बसवला. झाकणाच्या आतल्या बाजूला घासून चरे पडले होते, म्हणून ते उलटं करून लावलं. इंजिन सुरू. मागून पाणी नाही. पुन्हा बंद. काकांनी पंपाचा आत येणारा पाइप समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवून पाहिला. बादलीतलं पाणीही तो ओढेना. म्हणजे आधीची वाट ठीक, दोष पंपातच.

"पत्रिका जाड आहे," काका म्हणाले. गास्केट जाड झालं की पाती आणि झाकण यांच्यात फट राहते आणि पंपाला ओढ मिळत नाही. श्रीमंती लग्नाचा हा तोटा. मग गेल्या वर्षीच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकाचं पातळ पान फाडलं, त्याला ग्रीस लावलं. या वेळी इंजिन लागल्याबरोबर खलाशानं पिछाडीवरून दोन्ही हात वर केले. पाणी येत होतं. जोर थोडा कमी, पण येत होतं. काकांनी गती वाढवू दिली नाही.

थोड्याच वेळात खारा वारा उठला. इंजिन बंद करून शिडावर दाभोळ ओलांडलं आणि अंधार पडता पडता जयगडच्या खाडीत शिरलो. शास्त्री नदीचं हे मुख प्रशस्त आहे, तरी उलटणारं पाणी आणि उभ्या बोटींची गर्दी असताना इंजिन हाताशी असलेलं बरं.

नांगर टाकल्यावर, इंजिन निवल्यावर, हीट एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण उघडलं. तिसरं पातं नळ्यांच्या तोंडावर आडवं बसलं होतं. त्याच्या मागे आणखी एक तुकडा होता, कडक झालेला, काळपट, आमच्या इंपेलरचा नव्हेच. याआधी ज्या कुणी इंपेलर बदलला, त्यानं तुकडे मोजले नव्हते. काकांनी दिलेली शिवी इथे छापता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या बंदराजवळ एका दुकानात गेलो. ट्रॉलरच्या सुट्या भागांनी ते छतापर्यंत भरलेलं. दुकानदारानं कंपनी, मॉडेल काहीच विचारलं नाही. मोडका इंपेलर हातात घेतला, व्हर्नियरनं व्यास, रुंदी आणि मधलं भोक मोजलं, आणि मागच्या फळीवरून तसाच एक काढून दिला. काकांनी दोन घेतले, शिवाय गास्केटच्या कागदाचा अख्खा ताव. खलाशानं तो गुंडाळून काखेत मारला आणि आम्ही बंदराकडे परतलो. पूर्णगडच्या पुढे वायव्येचा वारा असा लागला की विजयदुर्गाच्या खाडीच्या तोंडापर्यंत इंजिनाचं नावही कुणी काढलं नाही.