मागून घेण्याची भाषा

ऐतिहासिक शहरात हिंडणाऱ्याची वाट बहुधा ठरलेली असते. वसईत ती किल्ल्याकडे जाते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळालेले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकून घेतलेले हे ठाणे पाहायला आलेला माणूस फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत बसवलेल्या थडग्यांवरचे लेख वाकून वाचतो आणि स्टेशनकडे परततो. येता-जाता बाजार लागतो, पण तिथे वाचण्याजोगे काही असेल असे त्याला वाटत नाही. पारनाका, होळी, पापडी या भागांतल्या लहान दुकानांतून हिंडताना आम्हांला मात्र उलटेच वाटत आले आहे. किल्ल्यातली पोर्तुगीज वसई केव्हाच संपली; दुकानाच्या फळीवर तिचा काही अंश अजून विकला जातो.

हे विधान आम्ही अलंकार म्हणून करीत नाही. लोखंडी सामानाच्या दुकानात गिऱ्हाईक घमेले, बादली, बिजागरी मागते. शेजारी फीत मोजून कापली जाते. भाजीवालीपुढे बटाटा आणि कोबी, बेकरीत पाव, बंदरावर मासळीचा लिलाव. हे सारे शब्द पोर्तुगीजांच्या संगतीने मराठीत आले. ते एकट्या वसईचे नव्हेत, साऱ्या मराठीचे आहेत, हे खरे. पण जिथे ती राजवट २०५ वर्षे टिकली तिथे ते कानी पडताना एक गोष्ट लख्ख होते. सत्ता शब्द आणते, पण ते टिकवते ते रोजचे मागणे. तट जिंकता येतो. घमेल्याचे नाव कोणी जिंकून परत घेत नाही.

दुकानदारी आणि भाषा यांचे हे नाते वसईच्या सर्वांत प्रसिद्ध सुपुत्राच्या चरित्रातही दिसते. सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे त्याने व्यापार थाटला आणि तो भरभराटीसही आणला. मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू होऊन १५९३ मध्ये तो जपानला परतला तो दुभाषा म्हणून. १५९७ मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ मध्ये तो संत ठरला. भक्तांना त्याचे हौतात्म्य महत्त्वाचे वाटणारच. आम्हा भाषेच्या माणसांना त्याचे मधले दुकान विसरवत नाही. परक्या मुलखात गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूसच दोन जगांमधला दुभाषा झाला.

आजच्या वसईत अशी दुभाषी जागा कोणती? आगाशीची सुकेळी घ्या. पिकलेली राजेळी केळी सोलून, पावसाळा सरल्यावर कितीतरी दिवस उन्हात वाळवायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. साखर नाही, रंग नाही. या पुडक्यावर बहुधा मजकूर नसतो; विकणारीचे बोलणे हाच त्याचा मजकूर. माल कुठल्या वाडीतला, ऊन किती लागले, किती दिवस टिकेल, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारले की सामवेदी किंवा वाडवळी वळणाची मराठी कानावर येते. वाड्या विकल्या जात आहेत, करणारी घरे कमी होत आहेत. सुकेळी संपतील तेव्हा एक पदार्थ जाईल, आणि त्याबरोबर एका बोलीची बोलण्याची एक जागाही जाईल.

साहित्याच्या वर्गात आपण कॉफीगृहांविषयी आदराने बोलतो. युर्गेन हाबरमास यांनी १९६२ च्या ग्रंथात लंडनच्या कॉफीगृहांतून लोकचर्चेचे क्षेत्र घडताना दाखवले, ते आपण शिकवतो. पण ते बसणाऱ्यांचे क्षेत्र होते, आणि प्रामुख्याने पुरुषांचे. आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हणजे चहाचे ठिकाण. तिथेही बाकावर पुरुषच अधिक. वसईतल्या बाईची चर्चा बाजारात, टोपलीमागे बसून किंवा उभ्याने होते. हल्ली येथेही नवी कॅफे निघाली आहेत. मुलेमुली तिथे निवांत बसू शकतात, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तिथला पदार्थ बहुधा इंग्रजी यादीवर बोट ठेवून मागवला जातो, आणि मोठ्या दुकानात तर मागावेच लागत नाही. वस्तू उचलायची, पैसे द्यायचे. शब्दावाचून व्यवहार पुरा होतो.

तरीही जुन्या दुकानाचे नुसते गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तिथे ‘काय हवे?’ याच्या पाठोपाठ ‘कोणाचे तुम्ही? कुठल्या आळीतले?’ हेही येते. उत्तरावरून गाव, धर्म, जात यांचा हिशेब मनात मांडला जातो. उधारीची वही ओळखीच्यांसाठी उघडते. गिरण्या बंद पडल्यावर मुंबईतून नालासोपारा-विरारला सरकलेल्या कुटुंबाला, किंवा उत्तरेतून आलेल्या मजुराला, न विचारणारे दुकान हा दिलासा असू शकतो. आपलेपणाची भाषा परक्याला उंबरठ्यावर थांबवते, हेही त्याच भाषेचे सत्य आहे.

म्हणून प्रश्न जुने की नवे असा नाही. ज्या बाजाराने परमुलखातले शब्द पचवून मराठी केले, तो आज आलेल्यांचे शब्द घेईल काय, आणि आपले त्यांना देईल काय, असा तो आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचे पुरावे शिलालेखांत आणि ग्रंथांत शोधले गेले, ते योग्यच. पण भाषेचे उद्याचे पुरावे दुकानाच्या फळीवर घडतात. विद्यार्थ्यांना वसईला नेणाऱ्या शिक्षकांना आमचे इतकेच सुचवणे आहे, की किल्ला जरूर दाखवा. मात्र त्याआधी प्रत्येकाला बाजारातून एक वस्तू, नाव घेऊन, मागून आणायला सांगा.