हिरवा रंग आणि वहिनीचा हात

आमच्या घरात दोन बायकांची स्तनाच्या गाठीची ऑपरेशनं झाली. काकीचं वीसेक वर्षांपूर्वी, वहिनीचं गेल्या वर्षी. काकीचा हात कायमचा सुजला, वहिनी पुन्हा आंब्याच्या पेट्या भरायला लागली. नाट्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, असं कसं? म्हणून लिहितोय.

स्तनाचा कॅन्सर पसरायला लागला की बहुतेक वेळा आधी काखेतल्या गाठींमध्ये जातो. या गाठी, म्हणजे लिम्फ नोड, प्रत्येकीला असतात. पूर्वी खबरदारी म्हणून त्यातल्या बहुतेक काढून टाकायचे. मग हातातलं पाणी परत फिरायला वाट राहत नाही आणि काहींचा हात सुजतो. काकीचं तेच झालं. लावणी, काजूच्या बिया सोलणं, विहिरीवरची कळशी, सगळं सुटलं. "कॅन्सर गेलो, पण हात पन घेऊन गेलो," असं ती म्हणायची. इथल्या बाईचा हात गेला म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

वहिनीच्या वेळी सर्जनने इंडोसायनीन ग्रीन नावाचा रंग स्तनात टोचला. औषध नवं नाही, अमेरिकेत १९५९ पासून मान्य आहे. रंग लिम्फच्या बारीक नळ्यांतून वाहत काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठींपर्यंत जातो. त्याची चमक आपल्या डोळ्याला दिसत नाही. खास कॅमेरा ती पकडतो आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटते. सर्जन तेवढ्याच गाठी काढून तपासायला देतो. त्या साफ निघाल्या तर बाकीच्या जागच्या जागी राहतात. वहिनीच्या साफ निघाल्या.

आता व्हॉट्सॲपवर फिरतंय की "कॅन्सर चमकतो, डॉक्टर तेवढाच उचलतो". थांबा जरा. हा रंग कॅन्सर ओळखत नाही, तो फक्त वाट दाखवतो. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्येही हाच वापरतात, कारण यकृत तो पित्तात सोडतं आणि पित्तनळी उजळते, म्हणजे ती चुकून कापली जाण्याचा धोका कमी. कॅन्सरच्या पेशींतच चमक आणणारी औषधं वेगळी आहेत. मेंदूच्या एका प्रकारच्या गाठीसाठी ऑपरेशनआधी काही तास एक औषध प्यायला देतात, मग निळ्या उजेडात गाठ गुलाबी-लाल दिसते. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी तसं एक औषध अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झालं.

कॅमेराच नसेल तर? साधा निळा रंग आहे, किरणोत्सारी औषध आणि ते शोधणारं यंत्र आहे. डोळे तपासायला वापरतात तो फ्लुरेसिन आणि निळा दिवा, असा स्वस्त मार्गही आपल्याच देशातल्या सर्जननी वापरून पाहिलाय. त्यामुळे ऑपरेशन ठरलं की सरळ विचारा: "काखेतल्या सगळ्या गाठी काढणार की पहिली तपासून ठरवणार?" विचारल्यावर चांगला डॉक्टर रागावत नाही. आयोडीनची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगा, या हिरव्या रंगात आयोडीन असतं.

पण खरी गोम वेगळी आहे. गाठी आधीच कॅन्सरने भरलेल्या असतील तर या रंगाचा फारसा उपयोग राहत नाही, बहुतेकदा काख साफ करावीच लागते. वहिनी गाठ हाताला लागल्यावर पंधरा दिवसांत दाखवायला गेली. काकीने शिमगा, गणपती, लग्नसराई सगळं होऊ दिलं. लाज, दुसरं काय! आणि एस्टीने राजापूर, तिथून पुढे मुंबई, सोबत कोण जाणार हा प्रश्न होताच.

डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल टाटा मेमोरियलच्या साथीने आपल्या जिल्ह्यात कॅन्सर तपासणी करत आलंय. तशी तपासणी नाट्यात, साखरीनाट्यात, आंबोळगडात व्हावी, तपासायला बाईच असावी, असा अर्ज पुढच्या ग्रामसभेत देतोय. सह्या हव्यात, घरातल्या बायकांच्याही. कागद माझ्याकडे आहे, संध्याकाळी या.