जुनी गाडी, सीमाभागातली

निपाणी-बेळगाव पट्ट्यात घरासाठी जुनी मोठी गाडी म्हटली, की बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा हीच नावे निघतात. बोलेरो 2000 साली आली, स्कॉर्पिओ 2002 साली. त्यामुळे पंधरा वर्षे उलटलेल्या गाड्याही विकायला असतात. रंग आणि सीटकव्हरला भुलू नये. खरी परीक्षा गाडीखाली वाकूनच होते. आंबोली-चोर्ला घाटांतल्या पावसात फिरलेल्या गाडीची चासी गंजलेली असू शकते. चासीवरच्या ताज्या काळ्या रंगात स्क्रूड्रायव्हरचे टोक रुतले, की व्यवहार तिथेच थांबवावा. शेवटी त्या गाडीत लेकरे आणि म्हातारी माणसे बसणार असतात. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन पुष्कळ दोष लपवते. धूर निळसर येत राहिला, तर ऑइल जळते आहे आणि खर्च मोठा आहे.

कागद हा सीमाभागाचा खास प्रश्न. कोल्हापूरची एमएच-09 क्रमांकाची गाडी स्वस्त वाटते, पण निपाणीत कायमची ठेवायची तर एनओसी (ना-हरकत दाखला), कर्नाटकचा कर आणि चिक्कोडी आरटीओची केए-23 नोंदणी आली. हा खर्च किमतीत धरूनच भाव करावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरेपर्यंत विसार देऊ नये.