कातडीखालचं अस्तर

गांधीबागेतल्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बाया बोलतात चेहऱ्याबद्दल आणि हात लावतात मानेला. आरसा पुढे केला की दोन्ही तळवे कानांपुढे टेकवून गालाची कातडी मागे ओढतात आणि विचारतात, "मॅडम, एवढंच ओढून शिवून टाकलं की झालं नं?" पुरुषही हेच करतात, फक्त बायको सोबत नसताना.

हा ठोक कापडाचा बाजार. अग्रसेन चौकाकडून आत वळलं की गाठी, हातगाड्या आणि दुकानांच्या पायऱ्यांवर उलगडलेली लुगडी. इथल्या माणसाला शरीरशास्त्र शिकवायची वेळ आली की मी कापडातच शिकवते. ब्लाउजचं अस्तर ढिलं ठेवलं आणि वरचंच कापड ओढून शिवलं, तर काय होईल? समोरची बाई लगेच सांगते, "टाके दिसतील, शिवण ताणंल, अन् थोड्या दिवसांत पुन्हा लोंबंल." बस. ताण अस्तराने घ्यायचा, वरच्या कापडाने त्यावर निवांत पडून राहायचं. फेसलिफ्टमधली अर्धी विद्या एवढ्यातच आली.

ही अर्धी विद्या कळायला शल्यविशारदांना विसावं शतक निम्म्याहून जास्त खर्ची घालावं लागलं. तोवर कानापुढे छेद घ्यायचा, कातडी सुटी करायची, ओढायची, उरलेली कापायची, हाच रिवाज होता. परिणाम जुन्या नट्यांच्या चेहऱ्यांवर दिसतो: वाऱ्यात उभं राहिल्यासारखं ताणलेलं तोंड, रुंद झालेले व्रण, खाली ओढली गेलेली कानाची पाळी. स्वीडनमधले टॉर्ड स्कूग कातडी आणि तिच्याखालचा पडदा एकत्र उचलू लागले. 1976 मध्ये पॅरिसच्या मिट्झ आणि पेरोनी यांनी त्या पडद्याचं नीट वर्णन केलं. त्याला आम्ही 'स्मास' म्हणतो. चरबीच्या खाली असलेला हा पातळ, चिवट थर खाली मानेच्या प्लॅटिझ्मा स्नायूशी सलग जोडलेला असतो. हेच ते अस्तर. पुढे 1989 मध्ये फर्नास यांनी गालाला हाडाशी आणि खोल थरांशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंची मांडणी केली. ते तंतू सोडवल्याशिवाय गाल वर सरकत नाही, नुसता ताणला जातो.

हे अस्तर उचलताना भीती असते ती नसेची. चेहऱ्याची नस कवटीतून कानाच्या पाळीमागे बाहेर येते, पॅरोटिड या लाळग्रंथीतून जाते आणि पाच फांद्यांत पसरते: कपाळ, डोळ्याचा भाग, गाल, खालचा जबडा आणि मान. हसणं, डोळे मिटणं, तांदूळ पाखडताना ओठ आवळून फुंकर घालणं, सगळं तिच्या हाती. सुदैवाने चेहऱ्याच्या बहुतेक स्नायूंत ती खालच्या बाजूने शिरते, म्हणून स्नायूच्या वरच्या पातळीत चालणारी कात्री सहसा तिच्या वाटेला जात नाही. पण दोन जागी ती वर येते. एक गालफडाच्या कमानीवर. ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी तिथे एक रेषा आखून दिली: कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्याच्या अर्धा सेंटिमीटर खालून निघून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वर जाणारी. ही रेषा मी प्रत्येक रुग्णाच्या चेहऱ्यावर जांभळ्या शाईने काढते. वर्षानुवर्षं काढल्यावर हात आपोआप चालेल, असं विद्यार्थ्यांना वाटतं. हात आपोआप चालू नये, एवढ्यासाठीच ती काढायची.

दुसरी जागा जबड्याच्या कडेची. खालचा ओठ खाली ओढणारी फांदी तिथून जाते. ती तुटली तर माणूस गप्प असताना काही कळत नाही. हसला की तोंड एका बाजूला जातं. 1962 मध्ये डिंगमन आणि ग्रॅब यांनी शवविच्छेदनातून तिची वाट तपासली. चेहऱ्याच्या रोहिणीच्या मागच्या भागात ही फांदी 81 टक्के वेळा जबड्याच्या खालच्या कडेच्या वरच राहते, उरलेल्या 19 टक्क्यांत कडेखाली उतरते. रोहिणी ओलांडून पुढे आली की मात्र कायम वरच. आता टेबलावर झोपलेला माणूस 81 मधला की 19 मधला, हे वरून कोणाला सांगता येणार? म्हणून सगळे 19 मधलेच धरायचे.

मानेची तपासणी मला चेहऱ्यापेक्षा जास्त आवडते. रुग्णाला खुर्चीत ताठ बसवायचं, कारण आडवं केलं की सगळं मांस मागे जातं आणि वय दहा वर्षांनी कमी दिसतं. शाईच्या खुणाही बसवूनच करायच्या. मग हनुवटीखालची वळी चिमटीत धरायची आणि सांगायचं, "दात घट्ट दाबा अन् खालचा ओठ खाली ओढा." प्लॅटिझ्मा आवळतो, मानेवर दोन उभ्या दोऱ्या उमटतात. चिमटीत चरबी राहिली तर ती स्नायूच्या वर आहे, नळीने ओढून काढता येईल. चिमटीतून निसटली तर ती स्नायूच्या खाली आहे. तिच्यासाठी हनुवटीखालच्या घडीत छोटा छेद घेऊन, स्नायूच्या दोन्ही कडा बाजूला करून आत उतरावं लागतं आणि येताना त्या कडा मधोमध शिवून घ्याव्या लागतात. जबड्याच्या कोनापुढे एक गोल फुगवटा असतो, त्यालाही लोक चरबी समजतात. बरेचदा ती खाली उतरलेली लाळग्रंथी असते. तिथे कितीही चरबी काढली तरी फुगवटा तसाच राहतो, उलट जास्तच उठून दिसतो.

आणि काही माणसांचं हायॉइड हाड मुळातच खाली असतं. त्यांच्या मानेला तो फोटोतला काटकोन जगातला कोणताही सर्जन देऊ शकत नाही. हे मी पहिल्याच भेटीत सांगते. निम्मे लोक पुन्हा येत नाहीत. न येवोत.

कानामागची कातडी उचलताना मानेच्या मोठ्या स्नायूवर आणखी एक नस आडवी येते, कानाच्या छिद्राच्या साधारण साडेसहा सेंटिमीटर खाली. फेसलिफ्टमध्ये सर्वांत जास्त दुखावली जाते ती हीच. ती गेली तर तोंड वाकडं होत नाही, पण पाळी बधिर होते आणि बाईला कानातलं घालताना बोटांच्या टोकाने चाचपत भोक शोधावं लागतं. पुस्तकात हा 'किरकोळ' त्रास म्हणून लिहिलेला असतो. पुस्तक लिहिणाऱ्यांनी बहुधा कुड्या घातलेल्या नसाव्यात.

आमच्या विद्येचा उगम सांगताना सगळे सुश्रुतापर्यंत जातात. मी जरा अलीकडे, पुण्याला थांबते. 1792 च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा शेतकरी घरातला मराठा टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या कुंभार जातीच्या माणसाने त्याला नाक करून दिलं. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, बघत उभे होते. कारागिराने मेणाचं नाक घडवलं, ते चपटं करून कपाळावर ठेवलं, भोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी उचलली. फक्त दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी जोडलेली ठेवली. मग ती कातडी वळवून नाकाच्या जागी बसवली. टाका एकही नाही. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली. हा वृत्तान्त ऑक्टोबर 1794 च्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. तो वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये तसंच नाक केलं आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. क्रूसो-फिंडलेंची नावं कागदावर आहेत. कुंभाराचं कोणी लिहून ठेवलं नाही.

त्या माणसाला रोहिणीचं नाव ठाऊक असायची गरज नव्हती. उचललेल्या कातडीला कुठून तरी जिवंत धागा लागतो, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. फेसलिफ्टमध्येही उचललेली कातडी पुढच्या बाजूच्या रक्तावरच जगते, आणि त्या रक्तापासून सगळ्यात लांब असते कानामागची कड. काळी पडायची तर आधी तीच पडते.

इथे आमच्या बाजाराचा खर्रा येतो. ज्या काताने पुण्यात नाक चिकटलं, तो कात पानात गेला. खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो आणि पन्नीत घोटण्याचा तो आवाज माझ्या खिडकीपर्यंत येतो. तंबाखूतलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. सुपारीने गालाच्या आतलं कातडं दगडासारखं होतं. म्हणून माझ्याकडे आलेल्या माणसाची पहिली तपासणी साधी असते: तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी आत घाला. तीन जात नसतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांसाठी श्वासाची नळी टाकणं कठीण, आणि माझ्यासाठी कानामागची कड कठीण. "दिवसाले एकच खातो, मॅडम," असं सगळे सांगतात. बायकोच्या तोंडाकडे पाहिलं की खरा आकडा कळतो. एक महिना पूर्ण बंद केल्याशिवाय मी तारीख देत नाही, आणि त्यावर घासाघीस नाही.

चेहरा शिकले मी 'मेडिकल'मध्ये, आणि तोही सुंदर चेहऱ्यांवर नाही. डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उभा केलेला प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग देशातल्या अगदी सुरुवातीच्या स्वतंत्र विभागांपैकी एक. दुभंगलेले ओठ आणि टाळू यांची त्यांनी 1975 मध्ये मांडलेली विभागणी आजही 'नागपूर वर्गीकरण' म्हणून ओळखली जाते: पहिल्या गटात ओठ, दुसऱ्यात टाळू, तिसऱ्यात दोन्ही. सोपी, लक्षात राहणारी. भंडारा-गडचिरोलीकडून आलेल्या बाळाच्या ओठावर एका मिलिमीटरची चूक म्हणजे काय, ते तिथे कळतं. ओठाची लाल-पांढरी सीमा एवढीशी सरकली तरी रस्त्यावरचा माणूस ती दोन हातांवरून टिपतो. कॉस्मेटिक आणि रिकन्स्ट्रक्टिव्ह अशा दोन वेगळ्या पंगती आहेत, असं मी मानत नाही. ओठ शिवता आला नाही त्याने मानेला हात लावू नये.

जवळच्या चितार ओळीत गणपतीच्या आधी मूर्तिकारांची गर्दी असते, तेव्हा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम तिकडून चालत नेते. मूर्तीच्या चेहऱ्याचे दोन अर्धे सारखे असतात. माणसाचे कधीच नसतात. एक भुवई वर, एक गाल भरलेला, हनुवटी किंचित कललेली. ऑपरेशनआधी रुग्णाला स्वतःच्याच फोटोत मी हा फरक दाखवते, नाहीतर ऑपरेशननंतर तो तिला पहिल्यांदा दिसतो आणि दोष माझ्या पदरात पडतो. अलीकडे पोरी फिल्टर लावलेला फोटो आणतात. त्यात नाकाला सावली नसते, कातडीला रोमछिद्रं नसतात. त्या चेहऱ्याला शरीरशास्त्रच नाही, तर ऑपरेशन कशावर करायचं? पंचविशीतल्या मुलीला मी नुसतं टोपी, सनस्क्रीन वापरायला आणि नागपूरच्या उन्हापासून सांभाळायला सांगून परत पाठवते. आई नाराज होते. फी मात्र देऊन जाते.

तुम्हाला किंवा घरच्या कोणाला चेहऱ्याचं, मानेचं काम करून घ्यायचं असेल, तर नटीचा फोटो नेऊ नका. स्वतःचा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा, लग्नाकार्यातला, साधा, समोरून आणि बाजूने काढलेला फोटो न्या. डॉक्टरची प्लॅस्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी विचारा. विचारण्यात लाज नाही. रक्तदाब किती आहे ते लपवू नका, कारण यातलं सर्वांत मोठं संकट म्हणजे पहिल्या चोवीस तासांत कातडीखाली साठणारं रक्त, आणि ते पुरुषांत आणि रक्तदाब असलेल्यांत जास्त होतं. एका बाजूला अचानक ठणका आणि कडक सूज आली तर सकाळची वाट बघायची नसते, टाके लगेच उघडावे लागतात. म्हणून पैसे ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारून घ्या: त्या रात्री दवाखान्यात टाके उघडू शकणारा माणूस कोण असेल? उत्तरात नाव मिळालं नाही, तर उठा आणि घरी जा.