कंसात न मावणारे

वर्तमानपत्रात खो-खोच्या सामन्याचा वृत्तान्त गेली कित्येक वर्षे एकाच साच्यात येतो. अमुक संघाने तमुक संघावर एक डाव आणि इतक्या गुणांनी मात केली, विजयी संघाकडून अमक्याने (२.१० मि. संरक्षण व ४ गडी), तमक्याने (१.४० मि. व ३ गडी) उत्कृष्ट खेळ केला. नाव, नावापुढे कंस, कंसात दोन आकडे. किती वेळ पळाला आणि किती गडी बाद केले. मी मराठीचा अध्यापक असल्याने विरामचिन्हांकडे माझे लक्ष जरा अधिकच जाते. पण या कंसाविषयीची माझी अस्वस्थता व्याकरणाची नाही. ज्या क्रियेवरून या खेळाला नाव मिळाले ती क्रिया, म्हणजे खो देणे, या कंसात कुठेच येत नाही.

शाळा सुटल्यापासून ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. दोन खांब, मधली पाटी, तीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, आणि नववा पाठलाग करणारा. पळणाऱ्याला कुठूनही कुठेही जाण्याची मुभा आहे. बसलेल्या दोघांमधून तो सहज पलीकडे निसटतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत मागे फिरता येत नाही. म्हणजे पकडणारा नियमांनी जखडलेला आणि पळणारा मोकळा. अशा स्थितीत कितीही वेगवान गडी एकट्याने कुणालाही पकडू शकत नाही. म्हणून खो. पळणारा पलीकडे गेला की त्या बाजूला तोंड करून बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावायचा, त्याच क्षणी तोंडाने 'खो' म्हणायचे आणि त्याने सोडलेल्या जागी मुकाट्याने बसायचे.

ऐकायला सोपे वाटते. पण खो कुणाला द्यायचा आणि कधी, हा निर्णय धावता धावता घ्यावा लागतो. कारण बसलेल्या गड्याची आडवी पाटी एकदा मागे पडली की त्याला खो देण्याची वेळ टळलेली असते. पळणारा साखळीत असेल, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळत असेल, तर त्याची लय मोडण्यासाठी भराभर खो द्यावे लागतात. पण लय नुसती मोडून भागत नाही. ती आपल्याला हवी तिथे मोडावी लागते. चांगला खो देणारा एका गड्याजवळ खांदा किंचित झुकवतो, पळणारा त्या हुलीला भुलून वळतो, आणि खरा खो पुढच्या गड्याला जातो. असे दोन-तीन खो योग्य जागी पडले की पळणारा आपल्या नकळत खांबाकडे लोटला जातो. खांबाजवळ सूर मारणारा तयार असतोच. तो एका हाताने खांब धरतो, अंग झोकून देतो, त्याची बोटे पळणाऱ्याच्या टाचेला लागतात, शिट्टी वाजते, टाळ्या पडतात. गुणपत्रिकेवर लिहिणारा विचारतो, 'नंबर किती?' तो नंबर सूर मारणाऱ्याचा असतो.

मी सूर मारणारा होतो.

१९९६ साली मी नववीत होतो. आमच्या मैदानाची माती काळी. पावसाळ्यात पाय रुतणार आणि उन्हाळ्यात भेगांत अंगठा अडकणार. दिवाळीच्या मागेपुढे ती खेळण्याजोगी होई. मग फक्कीच्या रेघा ओढल्या जात आणि संध्याकाळी गोदावरीवरून वारा सुटेपर्यंत आम्ही मैदानावर असू. माझी जागा शेवटच्या चौकात, खांबाला लागून. माझ्या दोन जागा अलीकडे जो बसे त्याचे नाव इथे सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही. अंगाने किडकिडीत, फार वेगवानही नव्हता. पण त्याचा हात पाठीला लागला की मला पुढे बघण्याची गरज नसे. उठून सरळ सूर मारायचा, पळणारा तिथे असायचाच. मला तेव्हा हे माझेच कौशल्य वाटे. खो पाठीमागून येतो. देणाऱ्याचे तोंड घेणाऱ्याला दिसत नाही. हे माझ्या समजुतीला सोयीचेच होते.

त्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यांसाठी आम्ही सकाळच्या पॅसेंजरने परभणीला गेलो. पहिला सामना जिंकलो. दोन दिवसांनी पेपरात माझे नाव आले आणि नावापुढे कंसात '५ गडी' असे छापून आले. ते कात्रण मी वहीत चिकटवले आणि वर्गात सगळ्यांना दाखवले. त्यालाही दाखवले. त्याने वही हातात घेतली, वाचले आणि म्हणाला, "पाच झाले का रे? मला चार वाटले." मला राग आला. हा आपला एक गडी कमी करतो आहे, असे वाटले. पुष्कळ वर्षांनी एका रात्री झोप येत नव्हती तेव्हा तो सामना आठवत बसलो आणि एकदम ध्यानात आले की पाचवा गडी मी दुसऱ्याच्या खोवर मारला होता. तो माझे मोजत नव्हता. आपले मोजत होता.

पण मला सांगायचे आहे ते याच्यापुढचे. त्या सामन्यांनंतर विभागाच्या संघासाठी निवड झाली. निवड करणाऱ्यांपैकी एकाने गुणपत्रिका पाहून मला बोलावले आणि जाता जाता विचारले, "तुमच्यातलं अजून कोण घेण्यासारखं आहे?" सहज विचारलेला प्रश्न होता, आणि उत्तरही सहज देता आले असते. मी आमच्या संघातल्या सर्वांत जास्त वेळ पळणाऱ्या मुलाचे नाव सांगितले. त्याच्या कंसात अडीच मिनिटे होती. माझ्या शेजाऱ्याच्या कंसात काही नव्हते. किंबहुना त्याला कंसच नव्हता. मी खोटे बोललो नाही. जे छापून आले होते तेच सांगितले.

विभागाच्या त्या प्रमाणपत्राचा मला पुढे वसतिगृहात जागा मिळताना उपयोग झाला, वसतिगृहामुळे कॉलेज झाले, कॉलेजमुळे एम. ए. तो दहावीनंतर गावी गेला. आज कापूस आणि सोयाबीन करतो. बाजाराच्या दिवशी भेटतो, चहा घेतो, मुलांची चौकशी करतो. तेव्हाच्या त्या प्रश्नाविषयी त्याला काही माहीत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना यात नवे काही वाटू नये. आपल्या अभ्यासक्रमांत कवी असतात, कादंबरीकार असतात, 'सत्यकथा'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी संपादक म्हणून कुणाच्या कथेत काय सुचवले आणि त्यातून मराठी नवकथेला कोणते वळण लागले, हा प्रश्न फार तर तोंडी परीक्षेत विचारला जातो. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडले, त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. त्यातून पुढे आलेल्या लेखकांवर प्रबंध झाले, आणि व्हायलाच हवेत. संपादकाचे काम मात्र लेखकाच्या पुस्तकात असे विरघळून जाते की त्याचा वेगळा आकडा काढता येत नाही. आमच्या गंगाखेडात तर याचे एक जुने उदाहरण घराघरात आहे. जनाबाई इथली. नामदेवांच्या घरी तिने दळण-कांडण केले, आणि त्याच कामातून तिची कविता आली. तिचे अभंग टिकले म्हणून आज तिला नाव आहे. पण ज्यांनी अशीच कामे केली आणि अभंग केले नाहीत, त्यांच्याविषयी आपण काय शिकवणार? असो. पदोन्नतीच्या फाइलीत शोधनिबंधांचे गुण मोजताना हा विचार माझ्या डोक्यात हमखास येतो, आणि फाइल पुरी करायची राहून जाते.

इथे एक कबुली द्यायला हवी. सूर मारणे म्हणजे फुकटचे श्रेय नव्हे. माझ्या डाव्या कोपरावर अजून व्रण आहेत. शेवटी गडी बाद व्हावा लागतो. तो झाला नाही तर आधीचे सगळे खो म्हणजे नुसती धावपळ. आणि प्रत्येक खो हा काही विचार करून दिलेला असतो असेही नाही. दम लागला म्हणून, जबाबदारी टळावी म्हणून, जवळ होता त्याला दिलेले खो मी पुष्कळ पाहिले आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. कंसातल्या आकड्यांना निदान डोळे असतात; मैदानाबाहेर बसून 'ही खो चांगला देते' असे म्हणणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे हे कोण तपासणार?

खेळही आता बदलला आहे. २०२२ साली अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली आणि तिने 'वजीर' आणला. हा पाठलाग करणारा कोणत्याही दिशेने वळू शकतो. साधा गडी टिपला तर दोन गुण आणि हवेत किंवा खांबावर सूर मारून टिपला तर तीन, अशीही सोय झाली. खेळ दूरदर्शनच्या पडद्यावर आणायचा तर हे करावे लागले असेल. मी तक्रार करत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली भारताचे दोन्ही संघ नेपाळला हरवून विजेते ठरले. महिलांनी ७८-४० असे, पुरुषांनी ५४-३६ असे. तो अंतिम सामना मी मुलांबरोबर मोबाइलवर पाहिला आणि त्यांच्याइतकाच ओरडलो. फक्त पुनर्दर्शन सुरू झाले की मला चुकल्यासारखे होई. दर वेळी सूर दाखवत, तोही संथ गतीने; त्याच्या आधीच्या दोन खोंच्या अलीकडेच चित्र सुरू होई.

हे सगळे लिहिण्याचे कारण मात्र आमच्या कॉलेजातले आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी मुलींचा संघ निवडायचा होता. प्राध्यापकांत खो-खो खेळलेला मी एकटाच, म्हणून निवड समितीत माझे नाव घालण्यात आले. चाचणी सामन्यांच्या गुणपत्रिका समोर होत्या. अकरा नावे झाली, बाराव्या जागेसाठी दोघी उरल्या. एकीने तीन गडी बाद केले होते. दुसरीच्या नावापुढे गडी नाही, पळती जेमतेम चाळीस सेकंद. मी पहिलीच्या नावावर खूण केली. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या संघातली सर्वांत चांगली सूर मारणारी मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, "सर, ती नसली तर मला गडी सापडत नाही."

ती मुलगी एकोणीस वर्षांची असेल. जे वाक्य मला १९९६ साली सुचले नव्हते, किंवा सुचले असूनही मी म्हटले नव्हते, ते तिने सरळ येऊन सांगितले. यात तिचा काही फायदा नव्हता, असेही नाही. पण म्हणून ते वाक्य खोटे होत नाही. यादी अजून पाठवायची होती. पुढचे दोन दिवस मी सरावाच्या वेळी वही घेऊन बसलो आणि एक नवा रकाना आखला. गडी बाद झाला की बाद करणारीचा नंबर, त्याच्या शेजारी तिला खो देणारीचा, आणि जमेल तिथे त्याच्याही आधीच्या खोचा. हे काम वाटते त्याहून अवघड आहे. नजर सारखी सुराकडेच धावते. दोन दिवसांत त्या दुसऱ्या मुलीचा नंबर त्या रकान्यात इतक्यांदा आला की मी यादीतले नाव बदलले.

तिसऱ्या दिवशी जिचे नाव गेले तिचे वडील आले. शेतातून थेट आले असावेत. चपला दाराबाहेर काढून आत आले. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. ते रागावलेले नव्हते, आणि तेच मला अवघड गेले. म्हणाले, "सर, पोरगी दोन दिस जेवली नाही. तिनं तीन गडी मारले म्हणती. मग हिनं किती मारले?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"मग?"

मी त्यांना वही दाखवली. रकाना समजावून सांगितला. टेबलावर खडू ठेवून चौक मांडले, कोण कुठे बसते, खो कुठून येतो, पळणारी खांबाकडे कशी लोटली जाते, ते सारे सांगितले. त्यांनी मन लावून ऐकले. पाने उलटून पाहिली. माझे अक्षर धावत्या सामन्यात लिहिल्यामुळे गचाळ झाले होते. दोन-तीन ठिकाणी नंबरांवर खाडाखोड होती. त्यातल्या एका खाडाखोडीवर त्यांनी बोट ठेवले.

"हा रकाना कागदावर असतो का, सरकारी?"

"नाही. मी आखला."

"चाचणीच्या आधी आखला का नंतर?"

"नंतर," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली आणि चहा प्यायला.