वरचं ताट

तर झालं असं, की गेल्या रविवारी सकाळी आईचा गावाहून फोन. "अरे, तुमच्या त्या अ‍ॅपमध्ये पत्ता बदलतेय. सगळं भरून झालं की फॉर्मच गायब होतो. तीनदा भरला. माझंच काहीतरी चुकत असेल."

पोटात गोळाच आला. कारण तो फॉर्म मी लिहिलाय!

अ‍ॅप फ्लटरमध्ये आहे. पत्त्याचा फॉर्म डायलॉगमध्ये उघडतो, आणि 'सेव्ह' दाबलं की त्याच्यावर गोल फिरणाऱ्या चक्राचा दुसरा डायलॉग. डायलॉगवर डायलॉग. (डिझाइनमध्ये तसंच होतं हो. मीही वाद घातला नाही.) आता फ्लटरमध्ये हे डायलॉग ताटांच्या चळतीसारखे एकावर एक रचले जातात आणि 'पॉप' म्हटलं की सगळ्यात वरचं ताट निघतं. ते कुठलं आहे हे कोणी बघत नाही. सर्व्हरकडून उत्तर आलं की चक्र बंद करायला मी बिनधास्त पॉप लिहिलं होतं. वर चक्रच असणार ना!

आईला म्हटलं, "सेव्ह दाबल्यावर काय करतेस ते सांग."

"ते चक्र फिरतच राहतं रे, मग मी बाजूला बोट लावते. ते जातं. आणि थोड्या वेळाने फॉर्मपण जातो."

झालं! डायलॉगच्या बाहेर बोट लावलं तर तो बंद होतो, फ्लटरमध्ये हे मुळातच चालू असतं. चक्र आईने आधीच घालवलेलं. मग रखडत उत्तर आलं, 'पिनकोड तपासा', आणि माझ्या पॉपने वरचं ताट काढलं. म्हणजे भरलेला फॉर्म. हापिसातल्या वायफायवर चक्र अर्धा सेकंदही दिसत नाही, त्यामुळे टेस्टिंगमध्ये कोणाला पत्ताच नाही.

एका ओळीत बाहेरचं बोट बंद करता आलं असतं (barrierDismissible ला फॉल्स, बास!), पण बॅक बटण उरतंच, आणि चक्र अडकलं तर माणूसही अडकला. म्हणून या शनिवारी फॉर्मला सरळ स्वतंत्र पान दिलं आणि चक्र 'सेव्ह'च्या बटणातच बसवलं. चळतच नाही.

नवीन बिल्ड आईला पाठवलं. चूक माझी होती, हेही सांगितलं.

"असू दे रे," म्हणाली, "पण पिनकोडला काय झालंय? तीस वर्षं तोच लिहितेय."