कोणाच्या पदरचा शिपाई

मध्ययुगीन लढाया पटावर खेळणाऱ्यांमध्ये इंग्लंडच्या 'वॉर्स ऑफ द रोझेस'चे सैन्य फार हौसेने जमवले जाते. यॉर्क आणि लँकास्टर या घराण्यांत गादीसाठी 1455 ते 1487 या काळात झालेल्या या लढाया. सर्वांत प्रचलित शिपाई 28 मिलिमीटरचा. हे माप बहुधा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतात. पूर्वी तो शिसे आणि कथील यांच्या मिश्रधातूत ओतला जाई, आता प्लास्टिकचाही मिळतो. नॉटिंगहॅमच्या पेरी या जुळ्या भावांनी काढलेल्या पायदळाच्या डब्यात 40 शिपायांचे सुटे भाग असतात. धडे, डोकी, हात, धनुष्ये आणि 'बिल', म्हणजे लांब दांड्यावर बसवलेला, टोक आणि आकडा असलेला एक कोयताच. भाग कापायचे, साच्याची शिवण पात्याने खरवडायची आणि चिकटवायचे. हे काम झटपट होते. रंगकाम महिनोन्महिने चालते, आणि या छंदातला खरा अभ्यास तिथेच आहे.

इतिहास वाचणाऱ्याला 'अर्लची माणसे चालून आली' एवढे पुरते. रंगवणाऱ्याला पुरत नाही. अंगरखा कोणत्या रंगाचा, छातीवर चिन्ह कोणते, शिरस्त्राण लखलखीत की मळके, हे ठरल्याशिवाय ब्रश टेकवता येत नाही. आणि या युद्धात तोच प्रश्न कळीचा होता. राजाचे खडे सैन्य नव्हते. मोठे उमराव आपापल्या पदरी माणसे बाळगत आणि त्यांना आपल्या रंगाचे अंगरखे व आपले चिन्ह देत. वॉरिकच्या अर्लच्या माणसांचे अंगरखे लाल, त्यांवर फांद्या छाटलेला पांढरा खडबडीत सोटा. यॉर्क घराण्याचे रंग तुतीसारखा गडद तांबडा आणि निळा. तिसऱ्या रिचर्डचे चिन्ह पांढरा रानडुक्कर. 1483 मध्ये यॉर्क शहरातल्या समारंभासाठी त्याने कापडावरची अशी 13,000 चिन्हे मागवली होती. 2009 मध्ये लेस्टरशरमधल्या शेतजमिनीत सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा एक छोटा रानडुक्कर सापडला. रिचर्ड ज्यात मारला गेला ती बॉसवर्थची लढाई नेमकी कुठे झाली हे ठरवताना हा पुरावा मोलाचा ठरला.

चिन्ह ओळखण्यात चूक झाली तर काय होते, ते 14 एप्रिल 1471 रोजी बार्नेटच्या लढाईत दिसले. पहाटे दाट धुके होते. वॉरिकच्या बाजूने लढणाऱ्या ऑक्सफर्डच्या अर्लने समोरची फळी फोडून तिचा पाठलाग केला आणि तो परतला, तोवर दोन्ही सैन्यांच्या रांगा फिरून तिरक्या झाल्या होत्या. त्याच्या माणसांच्या अंगावर किरणांचा तारा होता, शत्रू असलेल्या यॉर्कच्या चौथ्या एडवर्डच्या माणसांच्या अंगावर किरणांचा सूर्य. वॉरिकच्या माणसांना धुक्यात तारा सूर्यासारखा दिसला आणि त्यांनी आपल्याच मित्रांवर बाण सोडले. 'दगा, दगा' असा ओरडा झाला आणि ऑक्सफर्डची माणसे रण सोडून पळाली. वॉरिक त्याच दिवशी मारला गेला. 28 मिलिमीटरच्या शिपायावर हे चिन्ह जेमतेम तीन मिलिमीटरचे येते. ते कोणी नीट काढत बसते, त्याला अतिरेकी हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

साधने तुटपुंजी आहेत. चिलखतांसाठी 'बोशां पॅजंट' हे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातले हस्तलिखित अप्रतिम. पण त्यातली सगळी चित्रे शाईच्या रेषांची, रंग नाहीत. डॉर्सेटमधल्या ब्रिडपोर्ट गावाची 1457 ची हजेरीयादी वेगळीच गोष्ट सांगते. कोणाकडे शिरस्त्राण, कोणाकडे 'जॅक', म्हणजे बचावासाठीचा जाड शिवणीचा कापडी अंगरखा, कोणाकडे धनुष्य आणि मोजके बाण. सगळे सामान एकाकडे क्वचित. म्हणून एकसारख्या गणवेशातली, नखशिखांत पोलादी तुकडी सुबक दिसली तरी खरी वाटत नाही. गावाकडच्या माणसांना न रंगवलेले लिनन आणि मातकट लोकरच शोभते.

वॉरिकचा एक तिरंदाज घेतला तर आधी काळा प्राइमर. शिरस्त्राणावर जवळजवळ कोरड्या ब्रशने पोलादी रंग, मग पातळ काळपट वॉश, म्हणजे खाचांत सावली बसते. अंगरख्यावर पहिला हात काळपट लालाचा, त्यावर लाल, पण चुण्यांच्या तळाशी जुना रंग तसाच ठेवून. उंचवट्यांसाठी लालात पांढरा मिसळला तर गुलाबी होतो, म्हणून किंचित नारिंगी घालतात. मंजिष्ठेने रंगवलेली स्वस्त लोकर भडक नसे, हेही हाताने विसरू नये. सोटा आधी गडद तपकिरी काढायचा आणि कडेला तपकिरी रेघ राखून आत मळका पांढरा भरायचा. तेव्हाच तो हातभरावरून वाचता येतो. शेवटी मॅट व्हार्निश, आणि पायाखालच्या चकतीवर गोंद, वाळू, गवताचे तंतू.

किती शिपाई रंगवायचे हे नियम ठरवतात. 'वॉरगेम्स रिसर्च ग्रुप'च्या जुन्या नियमांत एक शिपाई 20 माणसांच्या जागी उभा राहतो, तेव्हा ताफा मोठा लागतो; 2014 च्या 'लायन रॅम्पंट'मध्ये 6 किंवा 12 शिपायांच्या काही तुकड्यांवर खेळ होतो. निशाणे मात्र जाणते संग्राहक काठीसकट सुटी ठेवतात. वॉरिक 1461 मध्ये टाउटनला यॉर्ककडून लढला आणि बार्नेटला लँकास्टरकडून. त्यामुळे लाल अंगरख्यांची तीच तुकडी दोन्ही लढायांत उतरते. बाजू बदलते ती शेजारच्या राजनिशाणाने.